कार्बनचं सोवळं

अहो, तुम्हांला म्हणून सांगते. तुम्ही पुढे चार जणींना सांगणार हे धरूनच सांगते. आमच्या सोसायटीत सोवळं सुरू झालंय! देवाधर्माचं नव्हे हो, ते कधीच संपलं. आता नैवेद्याच्या पुरणपोळ्यासुद्धा पोळीभाजी केंद्रातून येतात. हे सोवळं कार्बनचं. कुणी कशाला हात लावला, कोण कशातून आलं, कुणाच्या घरी काय किती वेळ चालू होतं, याची रोजच्या रोज चौकशी होते. आणि ज्याच्या घरी विटाळ सापडेल, त्याचं नाव संध्याकाळपर्यंत दोन्ही विंगमध्ये.

सुरुवात केली बी विंगच्या काकूंनी. आम्ही त्यांना आपसांत कार्बनकाकू म्हणतो, त्यांना माहीत नाही. मोबाईलवर त्यांना एक हिशेबाचं पान सापडलं. महिन्याला वीज किती, गॅस किती, गाडी किती चालते ते भरायचं, की वर्षाला आपल्या नावावर किती टन कार्बन डायऑक्साइड जमा होतो ते येतं. झालं! पूर्वी बायका भेटल्या की एकमेकींची शुगर विचारायच्या, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची. आता टन विचारतात. "तुमचा किती आला हो?" "दीड." "अय्या, आमचा एक पूर्णांक चार!" सरासरी भारतीय माणसाचा वर्षाला साधारण दोन टन, अमेरिकेतल्या माणसाचा चौदाच्या आसपास. त्यामुळे डोंबिवली पूर्वेतल्या प्रत्येकीला घरबसल्या अमेरिकेला हरवल्याचा आनंद मिळायला लागला.

इथवर ठीक होतं. पण बाई, आनंद झाला की माणूस दुसऱ्याच्या ताटात बघतो. पहिल्या मजल्यावरची नवी सून. चांगली शिकलेली, दोघं नोकरी करतात. तिनं दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या त्या ॲपवरून कोथिंबीर मागवली. एक जुडी! त्या एका जुडीसाठी मुलगा स्कूटर पिटाळत आला. लिफ्टमध्ये काकू भेटल्या, त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्या पोरीचं नाव पडलं कोथिंबीरवाली. सासू बिचारी खाली मान घालून जाते.

दुसरं प्रकरण तर ऐकवत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ एसी अठरावर ठेवून वर सोलापुरी चादर पांघरून झोपतात. हे बाहेर कसं आलं? त्यांच्याच बायकोनं हळदीकुंकवाला सांगितलं. 2020 पासून घरगुती एसी मुळात चोवीसवर लावूनच विकायचे असा नियम झाला. एकेक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं सरकारी ऊर्जा खातं सांगतं. म्हणजे कंपनी चोवीसवर लावून देते, हे घरी आणून अठरावर नेतात आणि मग थंडी वाजते म्हणून चादर काढतात. माहेरी पाणी पिऊन यायचं आणि सासरी तहान लागली म्हणायचं, त्यातला प्रकार!

पण काकूंनी कळस केला तो मीटरच्या खोलीत. रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन सगळ्यांच्या मीटरवरचे आकडे उतरवून घेताना वॉचमननं त्यांना पाहिलं. मी पाहिलं नाही. मी आपली सहज कचरा टाकायला गेले होते. आपली वीज बहुतेक कोळशावर होते, त्यामुळे एका युनिटामागे सरासरी सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. काकूंनी प्रत्येकाचे युनिट गुणिले सातशे असा भाव लावून यादी केली आणि नोटीस बोर्डावर लावली. पाण्याच्या थकबाकीदारांची यादी शेजारीच होती. थकबाकीवाल्यांना तेवढाच आधार वाटला.

आता पिशव्यांचं ऐका, म्हणजे कळेल हे वेड कुठवर गेलंय ते. महाराष्ट्रात 2018 च्या पाडव्याच्या सुमारास प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवीला मान आला. या वर्षी संक्रांतीला काकूंनी फतवा काढला की वाण म्हणून स्टीलची वाटी नको, कंगवा नको, कापडी पिशवीच लुटायची. सोसायटीतल्या सव्वीस जणींनी लुटली. माझी एक धरून माझ्याकडे सव्वीस पिशव्या झाल्या. प्रत्येकीच्या घरी सव्वीस. एकीवर झाड, एकीवर पृथ्वी, एकीवर पृथ्वी रडतेय, आणि एकीवर चक्क सराफाची जाहिरात.

मग माझ्या मुलानं एक बॉम्ब टाकला. म्हणे, डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं 2018 साली पिशव्यांचा हिशेब मांडला. नुसतं तापमानवाढीचं बघायचं, तर साध्या सुती पिशवीनं प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला ती पिशवी बावन्न वेळा वापरायला हवी. पाणी, खतं, फवारण्या असं सगळंच धरलं, तर सात हजार शंभर वेळा! मी एका कागदाच्या पाठीवर गणित केलं. सव्वीस गुणिले बावन्न, तेराशे बावन्न. रोज एक भाजीची फेरी धरली तरी जवळजवळ पावणेचार वर्षं नुसती बरोबरी करण्यात जाणार. तोवर तीन संक्रांती येणार आणि अठ्ठ्याहत्तर पिशव्यांची भर पडणार. सात हजारांचा हिशेब मी केला नाही. एकाच पिशवीला एकोणीस वर्षं लागतात. तेवढी तर आमच्या मिक्सरची गॅरंटीही नव्हती.

आणि हा टनांचा हिशेब घरोघरी पोचवला कुणी, माहितीये? खुर्चीत बसून ऐका. पर्यावरणावरच्या पाऊलखुणेची, म्हणजे फूटप्रिंटची, कल्पना कॅनडातल्या विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांची, रीस आणि वाकरनागेल यांची, 1990 च्या दशकातली. पण स्वतःचा कार्बन स्वतः मोजा ही गंमत लोकांच्या गळी उतरवली ती बीपी या तेल कंपनीनं. 2004 साली मोठी जाहिरात करून, हिशेबाचं पान काढून. तेल विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला विचारायचं, "का हो, तुम्ही फार तेल वापरता का?" हे म्हणजे गुत्तेवाल्यानं दाराशी बसून प्रत्येकाच्या तोंडाचा वास घ्यावा तसं. मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सल्ला कुणी दिला यापेक्षा तो खरा आहे का ते बघावं." काकू हुशार आहेत, त्याबद्दल वाद नाही. म्हणून तर जास्त राग येतो.

असं सगळं धुमसत धुमसत 2025 ची कोजागिरी आली. गच्चीवर चंद्र, पातेल्यात आटीव दूध, सतरंज्या. कागदी कप बाद म्हणून प्रत्येकानं घरून स्टीलचं भांडं आणायचं होतं. तेवढ्यात कुणाचा तरी भोचक पोरगा म्हणाला, "पण म्हशी मिथेन सोडतात ना?" क्षणभर सगळ्यांनी पातेल्याकडे पाहिलं. मग केशराचा वास आला आणि मिथेनचा विषय सर्वानुमते पुढे ढकलला.

चर्चेला तोंड फोडलं करआप्पांनी. सगळा जन्म विक्रीकरात गेला. त्यांना प्रत्येक रोगावर एकच औषध ठाऊक. ते म्हणाले, "सवयी-बिवयींनी काही होत नाही. माणूस सुधारतो तो खिशाला चाट बसली की. कोळसा, पेट्रोल, सगळ्यावर कार्बनकर लावा, म्हणजे कुणाच्या मीटरच्या खोलीत शिरायला नको." इथे काकूंनी वेलदोडा चावला. आप्पा सुरूच. फिनलंडनं 1990 साली लावला, स्वीडननं 1991 साली, आणि दोन्ही देश उपाशी नाहीत. 2026 च्या जानेवारीपासून युरोप बाहेरून येणाऱ्या पोलादावर, सिमेंटवर कार्बनचा आकार घेणार. "म्हणजे आपल्या कारखान्याच्या धुराचे पैसे ब्रसेल्सला भरायचे, त्यापेक्षा दिल्लीला भरलेले काय वाईट?"

चौथ्या मजल्यावरचे टॅक्सीवाले भाऊ उसळले. म्हणाले, "फ्रान्समध्ये काय झालं? 2018 साली डिझेलवर वाढवून बघितला. लोक पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर उतरले, सरकारनं पुढची वाढ मागे घेतली. पॅरिसवाल्याला मेट्रो आहे, खेड्यातल्याला गाडीशिवाय गती नाही. तुमचा कर एसीवाल्याला टोचणार नाही, मला टोचेल."

"म्हणून तर कॅनडानं पैसे परत दिले," आप्पा म्हणाले. "कर गोळा करायचा आणि दर तीन महिन्यांनी लोकांच्या खात्यात परतावा टाकायचा."

यावर काकू पहिल्यांदाच हसून म्हणाल्या, "आमच्या टोरोंटोच्या लेकीला यायचे की. तिला कळायचंही नाही कशाचे आलेत ते." आणि तिथेच तर सगळं फसलं ना! कर पेट्रोलपंपावर दर खेपेला डोळ्यांत खुपायचा, परतावा मात्र गुपचूप खात्यात जाऊन बसायचा. 2019 साली सुरू झालेला हा ग्राहकांवरचा कर 2025 च्या एक एप्रिलला नव्या पंतप्रधानांनी, कार्नींनी, बंद केला. सासूनं दिलेला दागिना कपाटात आणि सासूनं दिलेला टोमणा जन्मभर लक्षात, असाच तो प्रकार. सरकारांना एवढं साधं घरातलं कळत नाही.

मग उठले अणुकाका. तुर्भ्याच्या अणुकेंद्रातल्या नोकरीत केस पिकले. बोलतात हळू, पण आकडे तोफेसारखे. "पिशव्या मोजा, कर लावा, काही करा. कोळशाची एक युनिट वीज म्हणजे खाणीपासून राखेपर्यंत आठशेवीस ग्रॅम. अणुवीज म्हणजे बारा ग्रॅम. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय पॅनेलचे 2014 चे आकडे आहेत, माझे नव्हेत. जर्मनीनं 2023 च्या एप्रिलमध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, आणि तेव्हाही त्यांच्याकडे कोळसा जळतच होता. याला काय म्हणाल?" शिवाय आपल्याकडे 2047 पर्यंत शंभर गिगावॅट अणुवीज करायची असं 2025 च्या अर्थसंकल्पात सांगितलंय, आणि तेव्हा होती ती नऊ गिगावॅटच्याही आत, हेही त्यांनी ऐकवलं.

आणि हो, रेडिएशनला भिऊ नका म्हणे. केळ्यात पोटॅशियम असतं, त्यामुळे जळगावचं केळंही किंचित किरणोत्सर्गी, ओट्याचा ग्रॅनाइटही. बाई! हे ऐकल्यावर माझ्या शेजारणीनं प्रसादाचं केळं हळूच पर्समधून काढून सतरंजीवर ठेवलं. ओटा काही तिला काढता येईना.

पण खरी ठिणगी पडली ती ए विंगच्या वहिनींमुळे. त्यांचं माहेर राजापूर तालुक्यातलं, अणुप्रकल्प ठरलेल्या माडबनपासून फार लांब नाही. त्या सहसा बोलत नाहीत. म्हणाल्या, "काका, दर मे महिन्यात तुम्ही आमच्याकडून दोन पेट्या हापूस मागवता. आता वीजही आमच्याकडूनच हवी. सहा भट्ट्या, प्रत्येकी 1650 मेगावॅट, सगळ्या आमच्याच सड्यावर का? 2010 च्या डिसेंबरात करार झाला, पुढच्या मार्चात फुकुशिमा झालं, आणि एप्रिलमध्ये गोळीबारात आमच्याकडचा माणूस गेला. मासेमारी करणाऱ्यांनी समुद्राच्या गरम पाण्याचं विचारलं, तर त्यांना अडाणी म्हणाले. तुमच्या गच्चीवर जागा आहे की!"

गच्चीचं नाव निघताच सेक्रेटरी दचकले. कारण गच्चीवर सोलर बसवायचा ठराव चार वर्षं पडून आहे. सरकार अनुदान देतं, 2024 पासून तर घरोघरी देतं. पण सोलर बसलं तर पापड-कुरडया कुठे वाळवायच्या, या प्रश्नावर दोन सर्वसाधारण सभा उधळल्यात. सूर्यावर आमचा इतका विश्वास आहे, की त्याची जागा आम्ही त्याला द्यायला तयार नाही.

अणुकाका वहिनींना म्हणाले, "सुरक्षेचं सोडा, मला तिथला वेळच सतावतो. त्याच जातीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला 2007 साली बांधायला घेतली. वीज यायला 2024 चा डिसेंबर उजाडला. खर्च सव्वातीन अब्ज युरोंवरून तेरा अब्जांच्या वर." हे ते स्वतःच बोलले हं! गच्ची गप्प झाली. आमच्याकडे आपल्या पक्षाविरुद्धचा आकडा कुणी स्वतःहून सांगत नाही. वहिनींनी त्यांच्या भांड्यात थोडं दूध वाढलं.

तर अशी तीन पार्ट्यांची लढाई जुंपली होती. एक म्हणते सवयी बदला. दुसरी म्हणते कर आणा. तिसरी म्हणते अणुवीज आणा. आणि त्यांच्यावर ओरडणारी अर्धी गच्ची: कर येऊ देणार नाही! अणुवीज घरात शिरू देणार नाही!

इतक्यात आमचे हे बोलले. आता आमचे हे म्हणजे, वीज खात्याच्या हिशेबात तेहतीस वर्षं काढली, पण घरात चहा हवा असला तरी मान हलवून सांगतात. ते भांडं खाली ठेवून म्हणाले, "दोन्ही आधीच आलेत."

"काय आलेत?"

"कर. आणि अणुवीज. दोन्ही तुमच्याच घरात राहिलेत. बरीच वर्षं."

तुम्हांला सांगते, लग्नाच्या पंक्तीत कुणी उठून म्हणावं की नवऱ्याचं आधीच एक लग्न झालंय, तशी शांतता पसरली.

मग यांनी सांगितलं. कोळशावरचा कर 2010 साली जन्मला, टनाला पन्नास रुपये. बारशाला नाव ठेवलं स्वच्छ ऊर्जा उपकर. 2014 साली शंभर, 2015 साली दोनशे, 2016 साली चारशे. तेव्हा नाव बदलून स्वच्छ पर्यावरण उपकर. 2017 साली त्याचं जीएसटीच्या घरात लग्न लागलं, पुन्हा नाव बदललं, भरपाई उपकर. लग्नानंतर सगळा पगार सासरी, म्हणजे राज्यांच्या महसुलाची तूट भरायला. माहेरच्या स्वच्छ ऊर्जेला काही नाही. लग्नाआधीही फार मिळत होतं असं नाही. जमा झाले शहाऐंशी हजार कोटींवर, स्वच्छ ऊर्जेच्या निधीकडे वळवले तीस हजार कोटींच्या आत, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना लागले सोळा हजारांच्या आसपास. एका युनिटाला साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे कोळशाच्या प्रत्येक युनिटामागे पाव रुपयाच्या वर. सगळीच युनिटं कोळशाची नसतात, तरी तीनशे युनिटवाल्या घरातून महिन्याला पन्नास-साठ रुपये.

"म्हणजे आम्ही कार्बनकर भरत होतो?" टॅक्सीवाले भाऊ ओरडले.

"होतात. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत. बावीस सप्टेंबरला उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी पाचाचा अठरा झाला."

करआप्पांचा चेहरा बघवत नव्हता. ज्या कन्येचं स्थळ ते रात्रभर सुचवत होते, ती शेजारच्याच खोलीत नांदून, नाव बदलून, गेलीसुद्धा! आणि विक्रीकरातल्या माणसाला पत्ता नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"आणि अणुवीज?" राजापूरच्या वहिनींनी विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

"तारापूर. 1969 पासून. पुढे 2005-06 साली 540 मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या. महावितरण तिथूनही वीज विकत घेतं. देशातल्या शंभर युनिटांत तीनेक अणूची. आपल्या दिव्यात कुठली किती, ते तारेला माहीत नसतं." मग थोडं थांबून म्हणाले, "त्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांच्याकडे आंबे नव्हते फारसे. म्हणून आपल्याला नावं माहीत नाहीत."

वहिनींनी गच्चीवरच्या बल्बकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. छप्पन्न वर्षं हा पाहुणा आमच्या घरी जेवतोय, आणि आम्ही दाराला कडी लावून ओरडतोय, येऊ देणार नाही म्हणून! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांत जास्त लाज याची, की ही एवढी खबर आमच्या ह्यांच्याकडे होती आणि मला, मला ठाऊक नव्हती.

मग उरलं काय? ज्यांना सगळे दारात अडवत होते, ते दोघं केव्हाच आत आले होते, एक तर जेवून गेलासुद्धा. आणि जी आमच्याकडे आहेच म्हणून सगळे छाती काढत होते, ती सवय तेवढी अजून आलेली नाही. दूध संपल्यावर सगळे भांडी घेऊन लिफ्टपाशी गेले. दुसऱ्या मजल्याचेसुद्धा.

आता शेवटचं सांगते, ते मात्र खरंच कुणाला सांगू नका. काकूंचा तो एक पूर्णांक चार टन. त्यांनी ग्रुपवर टाकलेल्या चित्रात विमानप्रवासाचा रकाना कोरा होता. मी तेव्हाच पाहिलं होतं. मला वाटतं सगळ्यांनीच पाहिलं होतं. मुंबई ते टोरोंटो जाऊन-येऊन माणशी साधारण दोन टन, म्हणजे सरासरी भारतीयाचं अख्खं वर्ष. एप्रिलमध्ये काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, मग नोव्हेंबरात नातीच्या उष्टावणाला गेल्या. आणि गंमत बघा, भाऊंच्या टॅक्सीच्या इंधनावर कर आहे, पण परदेशी जाणाऱ्या विमानांच्या इंधनावर बहुतेक ठिकाणी नाही. त्याची मुळं 1944 च्या शिकागो करारापर्यंत जातात. म्हणजे सगळ्यांत मोठं पातक तेवढं करमुक्त!

एवढा मसाला हातात असताना मी गप्प का? सांगते. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "तुमचा भाचा टोरोंटोजवळ मिसिसागालाच ना? काही पाठवायचंय का?" मी किलोभर मेतकूट आणि दीड किलो थालिपिठाची भाजणी बांधून दिली. जाण्याच्या आदल्या रात्री बॅग काट्यावर चढवायला मीच गेले होते. तेवीस किलोची मर्यादा, भरली तेवीस किलो तीनशे ग्रॅम. डिंकाचे लाडू होते, बाळाची दुपटी होती, माझी भाजणी होती. काकूंनी बराच वेळ विचार केला, मग तळातून लेकीसाठी घेतलेल्या वाणाच्या दोन कापडी पिशव्या ओढून बाहेर काढल्या.

त्या आता माझ्याकडे आहेत. अठ्ठावीस झाल्या.